खालचा मजला किरायाने देणे

६ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी उजव्या हाताने रोज लिहायला सांगितलं आहे. काय लिहायचं ते सांगितलं नाही. मालती म्हणाली, रामनाम लिहा. एक पान लिहिलं. हात दुखायच्या आधी कंटाळा आला आणि रामाचीही दया आली, असलं वाकडंतिकडं अक्षर बघून. म्हणून मग हे.

भाद्रपदात मला लकव्याचा झटका येऊन गेला. हलकाच होता, पण बाथरूमच्या दारात पडलो आणि मालतीला काही मला उचलता आलं नाही. ती गल्लीत ओरडत गेली तेव्हा चार माणसं आली. तेव्हापासून ती मला एकटं टाकून भाजीलाही जात नाही. आणि तिकडे नाशिकला आमची एकुलती एक दीपाली. डिसेंबरच्या मध्यात दिवस भरतात. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी पोरगी फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प होते. रीतीने ती माहेरी यायची, पण तिच्या डॉक्टरने प्रवास बंद केला आहे. म्हणजे आईने जायला पाहिजे.

आई म्हणते, "खाली कोणी माणसं राहायला आली तर जाईन. नाहीतर नाही."

मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तर ती तांदूळ निवडत राहिली. मालतीचं गप्प बसणं म्हणजे शेवटचा शब्द असतो.

दीपालीने तिकडे बसल्या बसल्या जाहिरात टाकून दिली. सिंधीपुरा, खालचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळ, मागे मोरी, कुटुंबालाच. माझा नंबर दिला. जग किती पुढे गेलं आहे बघा, पूर्वी किरायेदार पाहिजे तर किराणावाल्याला सांगून ठेवायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

जाहिरात टाकली की भुंगे लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एकाला घर नको, गच्ची पाहिजे. म्हणे टॉवर लावतो, आधी तुम्ही फाइलची फी भरा. एकाला केळीचे चिप्स भरून ठेवायला गोदाम पाहिजे, मोरीचं काय करू म्हणून मलाच विचारतो. एका बाईने विचारलं, मकान में किसी की मौत तो नहीं हुई? मी म्हणालो, मरता मरता वाचलो, चालेल का? तिने फोन ठेवला.

आणि एक फौजी. भारी आवाज, बदली झाली आहे, घर न बघताच पसंत, आत्ताच पैसे पाठवतो म्हणे, फक्त हा चौकोन स्कॅन करून पिन टाका. मी म्हणालो, बेटा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. त्याने मला आईवरून शिवी दिली. मीही दिली, चांगली नेपानगरची, कागद मिलच्या गेटवरची.

मालती म्हणाली, तुमचं बीपी वाढेल. मी म्हणालो, वाढू दे, खूप दिवसांनी बरं वाटलं. मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लावण्यात जन्म गेला माझा. कोणाची आजी खरंच मेली आणि कोणाची तिसऱ्यांदा मेली ते मी चेहरा बघून सांगायचो. मला कोण फसवणार?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक नीट फोन आला.

"राम राम अण्णा. मी अक्षय चौधरी, सावद्याकडचा. तुमची जाहिरात पाहिली. जेवणं झाली का तुमची?"

किती दिवसांनी कोणी असं विचारलं. इथे हिंदी आम्हीही बोलतो, बँकेत, बाजारात, अर्धी घरातसुद्धा, पण अनोळखी हिंदी आवाज आला की माझे कान उभे राहतात. हा मात्र आपल्या बोलीत बोलला, मध्येच "काय सांगू अण्णा, मले तर" म्हणाला. एका कंपनीत साइटवर आहे, बदली होऊन बऱ्हाणपूरला येतो आहे. घरात आई, बायको. म्हणजे खाली दिवसभर माणसं.

मिलचं नाव काढल्यावर तो म्हणाला, माझे मामाही कॉलनीत होते. मग मी जरा बोललो. कॉलनीचा गणपती, आमची मराठी शाळा, ती कशी बंद पडली. तो ऐकत होता. हल्लीच्या पोरांमध्ये ऐकणारे कुठे आहेत?

मालतीला सांगितलं. तिने डोळे मिटून हात जोडले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षयची कंपनी किराया परस्पर देणार आहे, म्हणून त्यांना मालकाचे कागद लागतात. आधार, बिजली बिल, नगर निगमची पावती. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून फोनवर पाठवून दिले. कंपनीच्या फॉर्मसाठी कोऱ्या कागदावर सहीचा नमुनाही. हात थरथरत होता, सही तीनदा करावी लागली. तो म्हणाला, अण्णा, घाई नाही, हाताला त्रास देऊ नका.

दारात उभं राहून माझा आणि मालतीचा फोटोही पाहिजे होता, कंपनीच्या साहेबांना खात्री पटावी म्हणून. मालतीने चांगलं लुगडं नेसायला वेळ लावला.

दीपालीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, सगळे कागद कशाला दिले? मी म्हणालो, तू तुझ्या पोटाकडे लक्ष दे, कागद मी बघतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अक्षयच्या बायकोला घर बघायचं होतं, म्हणून त्याच्या सांगण्यावरून मी सगळ्या खोल्यांतून फिरत व्हिडिओ काढला. बोलत बोलत काढा म्हणाला, तुमचा आवाज ऐकला की तिला माहेरासारखं वाटेल. मीही मग बोललो. हे स्वयंपाकघर, इथे सकाळचं ऊन येतं, ही मोरी, नळ जरा जोरात पिळावा लागतो.

रोज फोन करतो. गोळ्या घेतल्या का, चालायला गेलात का. आज विचारलं, अण्णा, मुलगा काय करतो तुमचा? मी म्हणालो, मुलगा नाही, एकच मुलगी. तो म्हणाला, "मग मीच तुमचा मुलगा समजा."

 दिवसभर ते वाक्य डोक्यात होतं. लिहिताना लाज वाटते आहे, पण डोळे भरून आले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

अक्षयच्या सासरची माणसं घर बघून गेली. शाहपूरची. त्याने कालच बजावून ठेवलं होतं: "अण्णा, त्यांच्यापुढे किरायाचा विषय नको. जावई किरायाने राहतो म्हटल्यावर त्यांना वाईट वाटेल, म्हणतील आमच्याकडेच राहा." बरोबरच आहे. सोयऱ्यांपुढे पैशाचं बोलणं शोभत नाही. आमच्याकडे तर लग्नाच्या बैठकीतही ते बोलायला तिसरा माणूस लागतो.

प्रवीण म्हणून एक गृहस्थ, मेडिकलच्या दुकानात काम करतो, त्याची बायको अर्चना आणि त्याची म्हातारी आई चंद्रभागाबाई. माणसं चांगली, पण माझ्याशी फार मोठ्याने बोलत होती. "बाबा, बसा ना, उभे नका राहू." "बाबा, गोळी घेतली?" त्या अर्चनाने तर माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. अक्षयने माझ्या दुखण्याचं सांगितलं असेल. तरी मी काही बहिरा नाही. नळ अर्धवट बंद केला म्हणून मी तिला बोललो, तर तिने नवऱ्याकडे बघून मान हलवली.

मालतीने चहा केला, हळदीकुंकू लावलं. अर्चना तिला म्हणाली, "नशीबवान आहात काकू, एवढी काळजी करणारं माणूस आहे तुमच्याकडे." मालती म्हणाली, हो ना, अजून तर राहायलाही आला नाही. दोघी हसल्या.

ती गेल्यावर मालती कप विसळत म्हणाली, "अहो, ती पाहुणी बाई नव्हती."

"म्हणजे?"

"वितीने ओटा मोजत होती. देव कुठे ठेवायचे ते सासूला विचारत होती. दुसऱ्याच्या घरासाठी कोणी असं करतं का?"

मी म्हणालो, भाचीसाठी, बहिणीसाठी बघत असेल, आपली माणसं अशीच असतात, जीव लावून बघतात. 

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज अक्षयचे चुलत मेहुणे आले. अरविंद आणि त्याची नवी नवरी, रश्मी. शिकलेली पोरं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. यांनीही माझ्याशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा मी म्हणालो, मला ऐकू येतं. रश्मी नुसती हसली आणि म्हणाली, "हो हो बाबा."

किती सोयरे आहेत याला, मालती म्हणाली. मी म्हणालो, मोठं खानदान असेल. पैशाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एका मुलीचा फोन. हिंदीत. "अंकल, आपका मकान दूसरे नाम से भी डला हुआ है, किराया आधा लिखा है. फोटो में आप और आंटी गेट पर खड़े हो. आप एक बार देख लो."

मी विचारलं, तुला माझा नंबर कुठे मिळाला? म्हणे जुन्या जाहिरातीवरून. मी म्हणालो, आणि आता म्हणशील, काढून देते, लिंक पाठवते, पिन टाका. ती म्हणाली, नहीं अंकल, मुझे कुछ नहीं चाहिए. हे तर त्यांचं पहिलं वाक्य असतं. नंबर ब्लॉक केला.

संध्याकाळी अक्षयला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं केलं अण्णा. आता अनोळखी नंबर उचलूच नका. आणि जाहिरातच काढून टाका ना, आपलं तर ठरलंच आहे."

दीपालीला सांगून जाहिरात काढली. डोक्याचा ताप गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मालती आज अक्षयशी स्वतः बोलली. तो तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही निवांत जा. अण्णांकडे मी बघतो. एक तारखेला सामान घेऊन येतोच." फोन ठेवल्यावर तिने लगेच बॅग खाली काढली. दोन महिन्यांनी आज तिला गुणगुणताना ऐकलं. दीपालीने चार तारखेचं तिकीट काढून दिलं.

बाळाची दुपटी मालतीने जुन्या धोतरांची शिवली आहेत. माझी धोतरं. मला न विचारता फाडली. म्हणते, मऊ झालेलं कापडच बाळाला चालतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस अक्षयचा फोन नाही. मी केला तर लागत नाही. साइटवर रेंज नसेल. मालती सकाळपासून तीनदा विचारून गेली, लागला का? मी तिच्यावर खेकसलो. विनाकारण.

३० नोव्हेंबर, रविवार

बंद. दिवसभर बंद. उद्या यायचा आहे. सामानाच्या गडबडीत चार्जिंग उतरलं असेल. खालच्या खोल्या मी स्वतः झाडल्या, एका हाताने जमतं तसं. मालती दारात उभी राहून बघत होती, मदतीला आली नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आज लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

सकाळी टेम्पो आला. गल्लीत वळेपर्यंत मी दारात जाऊन उभा होतो, अक्षयला बघायला. पुढच्या सीटवर चंद्रभागाबाई, मांडीवर देवांचं गाठोडं. मागे पलंग, कपाट, सिलिंडर, आणि त्यांना धरून प्रवीण आणि अर्चना. मला वाटलं, जावयाच्या सामानाबरोबर सासरची माणसं आली. मी म्हणालो, या, या, अक्षय कुठे आहे?

प्रवीण म्हणाला, "कोण अक्षय?"

"तुमचे जावई."

तो हसला, तसंच मोठ्याने म्हणाला, "बाबा, आम्ही राहायला आलो. अनिकेतशी सगळं ठरलं आहे, तुमच्या मुलाशी. तुम्ही वर जाऊन बसा, त्रास करून घेऊ नका."

"मला मुलगा नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्या डोक्यावरून मालतीकडे बघितलं, पोर हट्टाला पेटल्यावर आईकडे बघतात तसं. "काकू, तुम्ही सांगा ना यांना."

मालती म्हणाली, "आम्हाला मुलगा नाही."

नंतरचं सगळं त्याच्या फोनमध्ये होतं. माझं आधार. बिजली बिल. दारातला माझा आणि मालतीचा फोटो, चांगल्या लुगड्यातला. करारनाम्यावर माझी सही, तिसऱ्यांदा केलेली, नीट आलेली. आणि माझाच आवाज, हे स्वयंपाकघर, इथे सकाळचं ऊन येतं. माझंच आडनाव लावून अनिकेत महाजन झालेल्या अक्षयने त्यांना सांगितलं होतं की बाबांना लकवा मारून गेला, त्यांना काही कळत नाही, त्यांच्यापुढे पैशाचं बोलू नका, घाबरतात. सगळा व्यवहार माझ्याशी करा. त्यांनी डिपॉझिट आणि वर्षाचा किराया एकदम दिला, एकदम दिला तर स्वस्त म्हणून. शाहपूरची खोली सोडून आले. तिथे दुसरं कुटुंब कालच शिरलं.

अर्चना म्हणाली, "आपल्या भाषेत बोलायचा हो. रोज विचारायचा, जेवलीस का ताई. मी म्हटलं, घरचं माणूस आहे."

मी दाराला धरून उभा होतो. मला त्या क्षणी मरण आलं असतं तर बरं झालं असतं, असं खरंच वाटलं.

प्रवीण ओरडायला लागला. कुठे लपवला आहे त्याला? गल्ली गोळा झाली. शेजारचे कडूभाऊ सांगत होते की यांना मुलगा नाही, आम्ही पंधरा वर्षं बघतो आहोत, पण तो ऐकेना. चंद्रभागाबाई सीटवरून उतरल्या नाहीत. उन्हात तशाच बसून होत्या. म्हणाल्या, "मी देव उठवून आनले. मी मांघारी जानार नाही."

मालतीने खालचं कुलूप काढलं. मी म्हणालो, मालती. ती म्हणाली, "बाईमाणूस उन्हात बसलं आहे." आणि स्वतः एक पातेलं उचलून आत नेलं.

२ डिसेंबर, मंगळवार

पोलीस थाना. साहेबांनी पहिला प्रश्न मला विचारला, "बेटा कहाँ है?" समग्र आयडीवर, सरकारच्या कुटुंब नोंदीत, आमच्या घरची नावं दाखवली, मी, मालती, दीपाली. तेव्हा कुठे लिहून घ्यायला लागले. फोन नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर निघाला, दूरच्या राज्यात. बघू म्हणाले. त्यांच्या तोंडावरून कळलं की बघून फार काही होणार नाही.

प्रवीणला विचारलं, इन पर शक है? त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पता नहीं साहब. मकान तो इन्होंने ही दिखाया था."

खोटं काय बोलला? मीच दाखवलं. चहा पाजून दाखवलं.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. प्रवीणने मधे पिशवी ठेवली होती.

३ डिसेंबर, बुधवार

मालतीने तिकीट रद्द करायला सांगितलं. म्हणते, खाली जी माणसं आहेत ती तुम्हाला चोर समजतात. तुम्ही पडलात तर पाणी देतील का? दीपाली फोनवर रडली. मग म्हणाली, आई, मी बघते, तू नको येऊ. ते "मी बघते" ऐकून मालती देवघरात जाऊन बसली.

मालतीने आणखी एक सांगून टाकलं, त्यांचे बुडालेले महिने भरेपर्यंत किराया घ्यायचा नाही. मी भांडलो. मी काय कुबेर आहे? मी कुठे पैसे खाल्ले? ती म्हणाली, "व्हिडिओ कोणी काढला?" 

प्रवीण नाही म्हणाला. अर्धा तरी देईन म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

खाली मी गेलो की बोलणं थांबतं. चंद्रभागाबाई माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. सुनेला सांगत होत्या, "त्या म्हाताऱ्यापुढे डबे उघडे ठेवू नको."

जन्मभर लोकांची हजेरी पकडली आणि शेवटी हे ऐकलं.

४ डिसेंबर, गुरुवार

आज अचानक ध्यानात आलं. अरविंद आणि रश्मी. तेही सोयरे नव्हते. तेही आता सामान घेऊन येतील, कधी ते माहीत नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, पत्ता नाही. थान्यात सांगितलं, ते म्हणाले, आएँगे तो भेज देना.

खुर्ची दारात टाकून बसलो. आले की आधी मीच सांगायचं, टेम्पोतून सामान उतरायच्या आत. मालती म्हणाली, वर चला, थंडी आहे. नाही गेलो. जेवणही तिथेच मागवलं. आत चंद्रभागाबाई बाजरी पाखडत होत्या, त्यांचं सूप दर थोड्या वेळाने थांबायचं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज आले. दुपारी. छोटा हत्ती भरून सामान, नवीन संसाराचं, फ्रिजवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.

मी उठलो. पाठ केलेलं बोललो. मी कौतिक महाजन. मला मुलगा नाही. ज्याने तुमचे पैसे घेतले तो चोर आहे. मीही फसलो आणि माझ्यामुळे तुम्ही फसलात. चला, मी तुमच्याबरोबर थान्यात येतो.

रश्मी मटकन ओट्यावर बसली. अरविंदला आधी कळलंच नाही. मग आतली भांडी दिसली, अर्चना दिसली, आणि त्याने माझी बंडी धरली. "ड्रामा मत करो अंकल. बेटे को बुलाओ. अभी बुलाओ." मला हलवत होता. माझा उजवा पाय जमिनीवर राहीना. वरून मालती ओरडली.

तेवढ्यात चंद्रभागाबाई बाहेर आल्या. हाताला बाजरीचं पीठ तसंच. त्यांनी अरविंदचं मनगट धरलं आणि बाजूला केलं.

"सोड त्याले. घरमालक आहे तो आमचा."

अरविंद म्हणाला, माई, यही तो चोर है.

"चोर असता तर काल दिवसभर दारात बसून तुमची वाट पाहिली असती का? चोर पळते. हा इथं कुडकुडत बसला होता, तुले सांगासाठी." मग मागे वळून, "प्रवीण, खुर्ची आन. आन त्या पोरीले पानी दे. आपल्या माठातलं दे."

प्रवीणने खुर्ची आणली. मला धरून बसवलं. मग अरविंदच्या खांद्यावर हात ठेवून त्याला एका बाजूला घेऊन गेला आणि आपला फोन काढून दाखवायला लागला. आम्हीही असेच आलो सोमवारी, असं सांगत होता.

त्या दोघांसाठी खाली जागा नव्हती. कडूभाऊंच्या मेहुण्याची खोली तात्पुरती मिळाली. प्रवीणने गाडीवरचं निम्मं सामान स्वतः उतरवलं. मी खुर्चीत बसून बघत होतो. मग मला फार रडू आलं, आणि मी कोणापासूनही न लपवता रडलो.

८ डिसेंबर, सोमवार

मालती गेली.

तिकीट काल परत काढावं लागलं, कारण दीपालीला ठरल्यापेक्षा आधीच दाखल करून घेतलं आहे. तरी मालती रात्रीपर्यंत बॅग भरते आणि रिकामी करते असं चाललं होतं. सकाळी ती खाली गेली. मी जिन्यात उभा होतो, पाचव्या की सहाव्या पायरीवर, तिथे मी त्यांना दिसत नव्हतो.

मालती म्हणाली, "बाई, मला विचारायचा हक्क नाही. तुमचं एवढं नुकसान झालं आमच्या दारात. पण माझी पोरगी तिकडे एकटी आहे."

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "जा तू. बाळंतपनाले माय लागते. याले मी पाहते. दोन टाइम भाकर देईन, गोळ्या सून देईल, न्हानीत गेला तर पोरगा बाहेर उभा राहील." मग म्हणाल्या, "मी समजत होती, चोर आहे. चोर नाही तो. येडा आहे नुसता."

मला वाटलं मालती माझी बाजू घेईल. लग्नाला एवढी वर्षं झाली.

ती म्हणाली, "हो. तेवढं सांभाळून घ्या."

प्रवीण तिला स्टेशनवर सोडायला गेला. बॅग त्याने उचलली, दुपट्यांची पिशवी तिने स्वतःकडे ठेवली. गाडी सुटल्याचा तिचा फोन आला. मी तिला म्हणालो, पोहोचलीस की कळव. ती म्हणाली, तुम्ही जेवून घ्या.

जेवलो. भाकरी जाड होती. खालून दोनदा प्रवीणचा आवाज आला, "अण्णा, आहात ना?" मी दोन्ही वेळा ओ दिली.